एमएससाठी एलओआर (शिफारसपत्र) एचओडींकडूनच घ्यावं का?

तुम्ही विचारलंय: पॉइंटर (दहापैकी सरासरी गुण) बरा आहे, अमेरिकेत एमएसला (पदव्युत्तर पदवीला) अर्ज करायचाय, एचओडी (विभागप्रमुख) सर नावानेही ओळखत नाहीत, पण त्यांच्या पदाला वजन आहे. मग लेटर त्यांचंच घ्यावं का?

नका घेऊ. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. दर हिवाळ्यात ही पत्रं लिहायचं काम माझ्याकडे असतंच.

आपल्याकडे सीईटीचा पर्सेंटाइल आणि कॅप राउंड यांवर प्रवेश ठरतो, तुमच्याबद्दल कोणाला काय वाटतं हे कोणी विचारत नाही. म्हणून मुलांना एलओआर म्हणजे बोनाफाइडसारखाच एक कागद वाटतो. सही आणि शिक्का, झालं काम.

तिकडची विद्यापीठं साधारण तीन पत्रं मागतात. फॉर्ममध्ये तुम्ही माझा ईमेल भरता आणि लिंक थेट मला येते (कॉलेजचाच ईमेल द्या, जीमेल नको). बऱ्याच फॉर्मांत पत्राआधी प्रश्न असतात: विद्यार्थ्याला किती वर्षं ओळखता? शिकवलेल्या मुलांपैकी हा वरच्या ५ टक्क्यांत की १० की २५? आता ६० जणांच्या वर्गात ५ टक्के म्हणजे तीनच मुलं. आमच्यातले काही जण अर्धा वर्ग तिथे बसवतात, ते सोडा.

'तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करते' असं मीही सुरुवातीला म्हणायचे. मग एका वर्षी तिघांचे ड्राफ्ट आले आणि तिन्हींत दुसरा परिच्छेद शब्दशः तोच. तिघांचा कन्सल्टंट एकच होता! तेव्हापासून ड्राफ्ट बंद, मी स्वतःच लिहिते.

पण लिहायला काहीतरी दिसलेलं असावं लागतं. एका मुलीचा पॉइंटर साडेसातच्या आत होता. तिच्या प्रोजेक्टमधला सेन्सर उलटसुलट रीडिंग देत होता. ग्रुपमधल्या बाकीच्यांनी आकडे 'जुळवायचं' ठरवलं. ही तीन शनिवार लॅबमध्ये बसली आणि अर्थिंगची सैल वायर शोधून काढली. पत्रात मी एवढंच लिहिलं, विशेषणं न लावता. तिला प्रवेश मिळाला. माझ्या पत्रामुळेच, असं मात्र म्हणणार नाही. कमी पडलेले मार्क पत्राने भरून निघत नाहीत. पीएचडीला पत्राचं वजन बरंच जास्त असतं, कारण तिथे एखादा प्राध्यापक पुढची काही वर्षं तुमच्याबरोबर काढणार असतो.

तुमचे एचओडी ही वायरची गोष्ट कुठून लिहिणार? प्रोजेक्ट गाइडला विचारा.

फॉर्ममध्ये 'पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?' असंही विचारतात. १९७४ च्या एका अमेरिकन कायद्याने विद्यार्थ्याला प्रवेशानंतर ते पाहता येतं. खुशाल सोडा. विद्यार्थ्याला दिसणार नाही अशा पत्रावर वाचणारा जास्त विश्वास ठेवतो.

बऱ्याच ठिकाणी मुदत १५ डिसेंबरच्या आसपास असते, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरातच भेटा. मार्कशीट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि विद्यापीठांची तारखांसह यादी द्या. आणि १२ तारखेला रात्री साडेदहाला नुसतं 'गुड इव्हनिंग मॅडम' पाठवून गप्प बसू नका, काय हवंय ते त्याच मेसेजमध्ये लिहा.