१४२ वस्तूंची यादी

कॅलिफोर्नियातील माझ्या समुपदेशन कक्षात उन्हाळ्याच्या तोंडावर एक मराठी आई आली, तेव्हा तिच्या हातात चार पानी यादी होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सॅन होजेहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंत भाड्याच्या आरव्हीने, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीने, जायचे होते, सोबत साडेतीन वर्षांचा मुलगा होता आणि यादीत १४२ वस्तू होत्या. "ताई, यातले काही राहिले आणि तिकडे रानात याला बरे नसले, तर मी काय करू?" असे तिने विचारले. लहान मूल घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या आयांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. वडिलांकडून तो क्वचितच येतो, कारण घरातली यादी बहुधा एकट्या आईच्याच डोक्यात असते.

यादी मी सावकाश वाचली. तापाचे औषध, थर्मामीटर, मेतकूट, तुपाची बरणी, पावसाळी बूट, खेळण्यांच्या दोन पिशव्या, असे सगळे त्यात नेटके मांडलेले होते. बोलता बोलता समजले की मागच्या वर्षी पुण्याला जाताना विमानात मुलगा कितीतरी तास रडत होता आणि आजूबाजूच्या प्रवाशांच्या नजरा तिच्या मनातून अजून गेलेल्या नव्हत्या. म्हणजे ही तयारी यलोस्टोनची कमी आणि त्या विमानातल्या रात्रीची अधिक होती. हे तिच्याच तोंडून निघाले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मीही घाई केली नाही.

त्यानंतर मी तिला विचारले, की चालत्या गाडीत मुलगा नेमका कुठे बसणार आहे? हे यादीत नव्हते. आरव्ही घरासारखी दिसते, त्यामुळे मूल आत हिंडेल, पलंगावर झोपेल अशी कल्पना सहज होते. पण गाडी चालू असताना त्याने स्वतःच्या कारसीटमध्येच, म्हणजे मुलांसाठीच्या सुरक्षा-आसनातच, असले पाहिजे. ती कारसीट पुढे तोंड असलेल्या आसनावरच बांधता येते, आडव्या किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर नाही. जेवणाच्या टेबलाजवळचे बाक अनेक गाड्यांमध्ये लाकडी सांगाड्याचे असतात, काहींना फक्त कमरेचा पट्टा असतो, आणि कारसीटचा वरचा पट्टा अडकवायला जागा असेलच असे नाही. म्हणून गाडी ठरवण्याआधी भाड्याने देणाऱ्यांकडून हे लेखी विचारून घ्यावे, असे मी सांगितले आणि हे काम तिच्या पतीने अंगावर घ्यावे असे सुचवले. त्यांनी चौकशी केली आणि आधी पसंत केलेली गाडी बदलली.

दुसरी गोष्ट दिवसांची. सुमारे साडेनऊशे मैल त्यांनी दोन दिवसांत बसवले होते. एवढ्या वयाच्या मुलाला दर दोन तासांनी खाली उतरून पळायला मिळाले पाहिजे, आणि आरव्ही मोटारीपेक्षा हळूच जाते. आम्ही नकाशा समोर ठेवून रेनो, एल्को आणि ट्विन फॉल्स असे तीन मुक्काम घातले. त्याबरोबर खेळण्यांची एक पिशवी आपोआप गळली.

खाण्याविषयी मी फारसे बोलले नाही, कारण त्यात तिला माझ्यापेक्षा अधिक कळत होते. एवढेच सुचवले, की छोटा कुकर मात्र सोडू नये. यलोस्टोन सरोवर ७,७०० फुटांहून उंचावर आहे, तिथे पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. जुलैतल्या रात्रीही तिथे गारठा असतो, त्यामुळे लोकरीची टोपी व पायमोजे तिने ठेवले ते योग्यच होते.

मग मी विचारले, की घरी तो झोपतो कसा? आजीने जुन्या सुती साड्यांची शिवलेली गोधडी गालाशी धरून, असे उत्तर आले. ती गोधडी १४२ वस्तूंमध्ये नव्हती. मळेल म्हणून ती घरीच ठेवायची होती. ब्रिटिश बालमानसतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा वस्तूंचे महत्त्व मांडले आहे: आई आणि बाहेरचे जग यांच्या मधल्या जागेत मूल अशा वस्तूच्या आधाराने उभे राहते. रोज नवे गाव आणि नवा अंधार असणाऱ्या प्रवासात तर हा आधार कोणत्याही औषधाइतका गरजेचा असतो, असे माझे ठाम मत आहे. मळण्याच्या भीतीने गोधडी मागे ठेवू नये, असे मी तिला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले.

निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी घरासमोर आणून त्यांनी पहिली रात्र तिच्यातच काढली. रात्री दोन वाजता मुलगा जागा झाला आणि "आपले घर कुठे आहे?" असे विचारू लागला. वडिलांनी पडदा सरकवून त्याला खिडकीतून स्वयंपाकघरातला दिवा दाखवला. दुसऱ्या मुक्कामापासून त्याने तो प्रश्न विचारला नाही.

परतल्यावर ती भेटली, तेव्हा तिने सांगितले की तीन पिशव्या न उघडताच घरी आल्या. गोधडीवर मात्र एल्कोमध्ये दूध सांडले, ती मुक्कामाच्या जागीच धुवावी लागली, आणि वाळेपर्यंत मुलगा ड्रायरच्या काचेसमोर मांडी घालून, तिच्याकडे बघत बसला होता.