दिवे लावले की इंजिन मिसिंग का करतं?

प्रश्न: माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या गाडीला पॉइंटचं (उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन आहे. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बसवलं की गाडी छान ओढते, पण काही दिवसांत पुन्हा मंदावते आणि टायमिंग रिटार्ड (उशिराचं) झालेलं दिसतं. शिवाय रात्री दिवे लावून चढ चढताना मिसिंग होतं, म्हणजे इंजिन मधूनच ठिणगी चुकवतं. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), कंडेन्सर नवे टाकले, फरक नाही. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून मोजलं: बॅटरीवर 12.3 व्होल्ट, कॉइलच्या पॉझिटिव्हला दिवे बंद असताना 11.3, दिवे लावल्यावर 9.8. कॉइल 3 ओहमची आहे. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी सिलिंडरांना वाटणारा, पॉइंट ज्यात असतात तो भाग) बदलू का?

उत्तर: इतक्यात बदलू नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

तुमचे आकडे फार कामाचे आहेत. 9.8 व्होल्ट ऐकून कुणीही म्हणेल, बॅलास्ट (कॉइलच्या वाटेत मुद्दाम घातलेला रेझिस्टर) असेल. पण बॅलास्टवर चालणारी कॉइल साधारण दीड ओहमची असते; तुमच्या कॉइलला पूर्ण 12 व्होल्टच हवेत. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे एवढ्या घसरणीत ठिणगीचा एक तृतीयांशाहून जास्त जोर जातो. सपाट रस्त्यावर ते खपून जातं. चढावर थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी कमी पडते.

हेडलाइटचा करंट काही कॉइलमधून जात नाही. तरी दिवे लावताच कॉइलचं व्होल्टेज पडतं, म्हणजे मुख्य बिघाड दोघांच्या सामायिक वाटेवर आहे: बॅटरीचा क्लॅम्प, सोलेनॉइडचा टर्मिनल, अ‍ॅमीटर असल्यास त्याचे नट, नाहीतर बॉडीची अर्थिंग. मल्टिमीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर पक्की ठेवा आणि काळी एकेका जोडावर टेकवत कॉइलकडे सरका. दिवे लावलेले हवेत आणि पॉइंट एकमेकांना टेकलेले हवेत. पॉइंट उघडे असतील तर कॉइलमधून करंटच वाहत नाही आणि तिच्या वाटेवरचा खराब जोडही निर्दोष दिसतो. टेस्ट लॅम्पवर मी याच कारणाने विसंबत नाही. एवढासा करंट घेऊन तो सडक्या तारेवरही पेटतो. ज्या जोडापाशी आकडा एकदम उडी मारेल, तिथेच चोर आहे. बॅटरी काढून तो जोड उघडा, चकचकीत घासा, घट्ट करा. मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांच्यामध्ये मोजा, तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त नको. रीडिंग झटपट घ्या, इग्निशन चालू राहिलं तर कॉइल तापते.

आता टायमिंग. पॉइंटची फायबरची टाच डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर घासून झिजली की गॅप कमी होतो. मग पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप रिटार्ड होतं. कॅम कोरडा असेल तर हे फार लवकर घडतं. कॅमला ग्रीसचं पुसट बोट लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. आधी फीलर गेजने गॅप मॅन्युअलप्रमाणे करा, मगच टायमिंग. क्रम उलटा झाला तर गॅप बदलताच टायमिंग पुन्हा हलतं. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) मारताना डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आयडलिंग मॅन्युअलमधल्या आरपीएमवर ठेवा.

एवढं करूनही टायमिंग लाइटमध्ये इंजिनवरची टायमिंगची खूण एका जागी न थांबता मागेपुढे नाचत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. त्यात खेळ जाणवला तर शाफ्टला धरणारा बुश गेलाय, आणि तेव्हा डिस्ट्रिब्युटर खोलायला हरकत नाही.