शाखा कोणती, हे आज विचारू नका

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा. रात्री तीनपर्यंत ऑनलाइन गेम खेळतो. सकाळी ‘आजपासून बंद’ म्हणतो, रात्री पुन्हा तेच. माझ्या कार्डावरून गेममध्ये पैसेही उडवले. मी मोबाइल फोडला आणि दुसऱ्या दिवशी निवासी क्लासची फी भरली. गेममध्ये क्षणात अचूक निर्णय घेतो, मग अभ्यासातच का नाही? इंजिनीअरिंग की मेडिकल, हे त्याला आठ दिवसांत सांगायला लावलंय. – एक वडील

उत्तर : खरं सांगू? पत्र वाचताना मला मुलाइतकीच तुमची काळजी वाटली. मोबाइल रागात फोडलात, फी दुसऱ्याच दिवशी भरलीत, त्याच्याशी बोलल्याचा मात्र उल्लेख कुठेच नाही. स्वतःला आवरता येत नाही ही तक्रार नेमकी कोणाची? आठ दिवसांची मुदत ही तिसरी घाई. धाकापोटी तो ‘इंजिनीअरिंग’ म्हणेलही, पण ते सकाळच्या ‘आजपासून बंद’इतकंच टिकेल.

आता ‘क्षणात निर्णय’. तो सरावाने आलेला झटपट प्रतिसाद आहे. निर्णय घेणं निराळं. मानसशास्त्रात १९९४पासून पत्त्यांच्या चार गड्ड्यांची एक चाचणी वापरतात. दोन गड्ड्यांत बक्षिसं मोठी, पण दंड त्याहून मोठे. उरलेल्या दोन्हींत बक्षिसं छोटी, तरी शेवटी फायदा. बरीच पानं उलटल्यावर बहुतेक जण या दुसऱ्या गड्ड्यांकडे वळतात. गेमचं व्यसन लागलेल्यांच्या अनेक अभ्यासांत मात्र ओढ धोक्याच्या पर्यायाकडे दिसते, शिवाय उद्याचा मोठा लाभ सोडून आत्ताचा छोटा उचलण्याकडे. आवेग आधी की व्यसन आधी, हे त्यावरून ठरत नाही. त्यात आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. म्हणून सकाळचं वचन खोटं समजू नका. ते देताना गेम समोर नसतो, एवढंच.

प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षीही होतील. आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ही यादी जानेवारी २०२२पासून लागू झाली. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, या त्याच्या खुणा. निदान डॉक्टरांनी करायचं, मी नाही, तुम्ही तर मुळीच नाही. नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) सोबत आहे का, तेही ते बघतील.

घरात तोवर दोन गोष्टी करा. गेमच्या खात्यातून कार्ड काढून टाका. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, तुमचाही. निवासी क्लासची फी परत मिळते का विचारा. मिळाली नाही तरी फी भरलीय म्हणून त्याला तिकडे धाडू नका.

तो इतका खेळू कधी लागला, तेव्हा घरात काय चाललं होतं, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. त्याला विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. शाखेचं तीन महिन्यांनी बघू. तेव्हाचं पत्र त्याने लिहिलेलं असू दे.