राज्यकारभारात उदारमतवादी आणि परंपरावादी विचारांचा समतोल कसा साधावा?

आपण विचारले आहे की, शासनात या दोन विचारांचा समतोल साधणे शक्य आहे का, आणि असल्यास तो कोणी ठरवायचा. माझ्या मते तो शक्य आहे, मात्र दोघांना निम्मे-निम्मे देऊन नव्हे. प्रत्येक प्रश्नात आधी हे पाहावे की, थांबल्याने कोणाचे नुकसान होते आणि घाईने जे मोडेल ते पुन्हा उभे करता येईल का. मी रत्नागिरी जिल्ह्यातला असल्याने उदाहरणे इकडचीच देतो.

कोकणातील खोतीचा प्रश्न या दृष्टीने फार शिकवणारा आहे. खोत सरकारचा सारा वसूल करी, परंतु कुळाकडून त्याहून कितीतरी अधिक धान्य उचली आणि वेठही करून घेई. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुळाला तिच्यावर हक्क सांगता येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, सप्टेंबर 1937 मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यात कुळांना जमिनीचा हक्क होता, तसेच खोतांचे हक्क जाणार म्हणून त्यांना वाजवी भरपाई देण्याची तरतूदही होती. ही दुसरी बाब सहसा सांगितली जात नाही. उद्दिष्टात तडजोड नाही, पण ज्याचे जाणार आहे त्यालाही वाऱ्यावर सोडायचे नाही, यालाच मी समतोल म्हणतो. दुर्दैवाने ते विधेयक पुढे सरकले नाही, जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधानसभेवर गेला, आणि खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला 1949 साल उजाडावे लागले. मधल्या काळातील सावधपणाची किंमत खोताने नव्हे, कुळाने मोजली.

परंपरावाद्यांचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे: कायदा पुढे गेला म्हणून समाज आपोआप मागोमाग येत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली संमत झाला, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला, तरी चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घेण्यासाठी 20 मार्च 1927 चा सत्याग्रह करावा लागला. पण म्हणून कायदा करूच नये असे ठरत नाही. तो ठराव हाती नसता तर सत्याग्रहींना आपल्या हक्कासाठी कशाकडे बोट दाखवता आले असते?

समुद्राच्या बाबतीत बाजू अदलाबदल होतात. 1 जूनपासून दोन महिने राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरात त्या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि जाळी शिवण्याचे काम चालते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावरच होडी लोटायची, ही कोळ्यांची रीत या कायद्याहून जुनी आहे, आणि माशांच्या विणीचा काळ तिने आपोआप राखला. माशांचा थवाच्या थवा घेरून उपसणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 साली निर्बंध घातले, तेव्हा मोठ्या भांडवलाचे नौकामालक व्यवसायाच्या स्वातंत्र्याची भाषा बोलत होते आणि मालवणकडचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरणारे पारंपरिक मच्छीमार, जुनी शिस्त मागत होते. येथे मी निःसंकोचपणे रापणकरांच्या बाजूचा आहे, कारण उपसून संपलेला मासा भरपाई देऊन परत आणता येत नाही.

कोणी ठरवायचे, याचे उत्तर राज्यघटनेच्या रचनेतच बरेचसे आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम 17 तिने मूलभूत हक्कांत घातले, त्यासाठी कोणाच्या तयारीची वाट पाहिली नाही. दारूबंदी आणि समान नागरी कायदा मात्र मार्गदर्शक तत्त्वांत ठेवून विधिमंडळांच्या विचारावर सोपवले. साधा कायदा साध्या बहुमताने होतो, तर घटनादुरुस्तीला संसदेच्या प्रत्येक सभागृहात उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. या चौकटीत निर्णय लोकप्रतिनिधींनीच घ्यावा, पण ज्यांच्या चुलीवर त्याचा परिणाम होणार त्यांना विधेयक मांडण्यापूर्वी बोलवावे. मासेमारीच्या बंदीचा कालावधी ठरवताना रापणकर आणि खलाशी दोघेही त्या बैठकीत असले पाहिजेत.