मुलगी म्हणते मेंदूतल्या एन्झाइम्सवर काम करायचंय, करू द्यावं का?

लातूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. लेक बीएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला, नीट दोनदा देऊन नंबर लागला नाही, आणि आता म्हणते मेंदूतले ग्लुटामेट रिसेप्टर आणि त्यांच्यावर काम करणारी एन्झाइम्स (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) यावर रिसर्च करायचाय. घरचे म्हणतात डॉक्टर नाही झालीस तर मेंदूचं काय करणार, बीएड कर. यात पैशाचं कसं, असंही ताईंनी विचारलंय.

ताई, आधी ही भीती काढून टाका, या कामाला एमबीबीएस लागत नाही, बायोकेमिस्ट्रीच लागते. मेंदूत एक पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, समोरची पेशी ते रिसेप्टरवर, म्हणजे तिच्या अंगावरच्या खास प्रथिनावर झेलते, आणि आपण काही शिकतो तेव्हा या दोन पेशींमधला जोड पक्का होतो. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी संबंधित भागात हे दाखवलं, थोडा वेळ जोरात करंट दिला तर तो जोड पुढे कित्येक तास जास्त जोराने उत्तर देत राहिला. पक्का होतो म्हणजे नेमकं काय होतं, तिथेच तुमच्या लेकीची एन्झाइम्स येतात. ग्लुटामेट रिसेप्टरचे एनएमडीए आणि एएमपीए असे प्रकार आहेत; एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम आत शिरतं, त्याने कॅमकेटू नावाचं एन्झाइम जागं होतं, ते एएमपीए रिसेप्टरच्या ८३१ नंबरच्या सेरीनवर (प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्यावर) फॉस्फेट चिकटवतं आणि त्या रिसेप्टरमधून करंट जास्त जायला लागतो. पीकेए नावाचं दुसरं एन्झाइम ८४५ वर चिकटवतं, आणि जोड सैल करायचा असेल तेव्हा फॉस्फेट काढून टाकणारी वेगळी एन्झाइम्स आहेतच. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की कॅमकेटू स्वतःवरच फॉस्फेट लावून घेतं, त्यामुळे कॅल्शियम निघून गेलं तरी ते काही वेळ चालूच राहतं. २००३ मध्ये असे उंदीर तयार केले की ८३१ आणि ८४५ या दोन जागांवर फॉस्फेट चिकटणारच नाही, तर ते पाण्यातली लपलेली जागा शोधायला शिकले पण शिकलेलं नीट टिकलं नाही.

आता रोजचं काम सांगतो कारण वाचायला छान वाटणं वेगळं आणि करणं वेगळं. मेंदूचा तुकडा वाटला की त्यातलीच एन्झाइम्स फॉस्फेट खायला लागतात, म्हणून सगळं बर्फात, भराभर, इनहिबिटर (त्या एन्झाइम्सना रोखणारं रसायन) घालूनच करावं लागतं, मग जेल चालवा, वेस्टर्न ब्लॉट (हवं ते प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) करा, दोन दिवसांनी कळतं बँड, म्हणजे पट्टी आलीच नाही, परत पहिल्यापासून. यात जिचा जीव रमतो तिने यावं, नाहीतर बीएड खरंच चांगलं आहे आणि ते एमएस्सीनंतरही करता येतं.

म्हणून एवढ्यात फैसला करू नका, आधी तिला दोन महिने लॅबमध्ये बसू द्या. तीन सायन्स अकॅडमींची मिळून समर फेलोशिप असते, साधारण दिवाळीच्या आसपास अर्ज सुटतात, त्यावर डोळा ठेवा. पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी किंवा आयसर पुण्यासारख्या विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र), टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थांची परीक्षा वेगळी असते. फक्त मेंदूवर काम करणारी एक संस्था म्हणजे हरियाणात मानेसरला एनबीआरसी.

पैशाचं विचारलंत ते बरोबरच आहे, आईने विचारायलाच हवं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर घरभाडं, म्हणजे पीएचडीत तुमच्यावर बोजा नाही. पण पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, त्यानंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), कायमची नोकरी तिशीनंतरच, हे लग्नाच्या गप्पा सुरू व्हायच्या आधी घरात सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट बोलून घ्या. औषध कंपन्यांतही या लोकांना जागा असतात, अल्झायमरला देतात ते मेमँटीन एनएमडीए रिसेप्टरवरच काम करतं.

आणि लॅबला मेल करायचा असेल तर तो लेकीनेच लिहावा, मैत्रिणीचा कॉपी-पेस्ट नको, त्या सरांचा एक पेपर वाचून त्यातलं काय कळलं आणि कुठे अडलं ते चार ओळीत लिहायचं, सोबत मार्कशीट जोडायची, उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी परत एकदा पाठवायचा.