शहरी कंपोस्टवर मूग-चवळीची रोपं: सुरुवातीला एवढंच सांभाळा

शहरी कंपोस्टवर, म्हणजे महापालिकेनं शहरातल्या ओल्या कचऱ्यापासून केलेल्या खतावर, मूग-चवळी लावायचा उत्साह छान आहे, पण नुसत्या कंपोस्टमध्ये बी पेरू नका. नव्या लोकांची सर्वाधिक रोपं इथेच जातात. महापालिकेच्या खतात क्षार जास्त असू शकतात, त्याने कोंब करपतो. आकारमानाने 3 भाग माती, 1 भाग कंपोस्ट पुरे.

आधी खत चाळा. काच, प्लास्टिक निघतंच. मग ते पिकलंय का बघा: ओलसर मूठभर खत पिशवीत दोन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर अमोनियाचा किंवा कुजका वास आला तर महिनाभर सावलीत, ओलसर राखून, अधूनमधून उलथत ठेवा. खात्रीसाठी 10 मूग मिश्रणात, 10 साध्या मातीत पेरा. खतात दोष असेल तर पाचव्या दिवशी फरक दिसेल.

- 1 किलो बियाण्याला 25 ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, रोपाला देणारं जिवाणू खत) चोळा, सावलीत सुकवा. मूग, चवळी, तुरीला एकच चालतं; हरभऱ्याचं वेगळं.
- युरिया नको. आयतं नत्र मिळालं की मुळांवर गाठी कमी धरतात.
- पाणी बेतानं. सतत चिखल राहिला की रोप बुडाशी कुजून आडवं पडतं.

चौथ्या आठवड्यात एक रोप हलकेच उपटून गाठ कापा. आतून गुलाबी असेल तर गाठी कामाला लागल्यात.