एक्स्टेन्शन वाटण्याआधी पावसाचं एकक बघा

वीडब्ल्यूएक्स हे घरगुती हवामान केंद्राचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याला जोडायला स्वतः लिहिलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, दुसऱ्याला द्यायचं कसं, हे सारखं विचारलं जातं. म्हणून एकदाच लिहितो.

नुसती पायथन फाइल पाठवली तर चालेल ना?

नाही. एक फोल्डर करा. त्यात ‘इन्स्टॉल डॉट पीवाय’, ‘बिन/यूजर’मध्ये तुमचा कोड आणि एक रीडमी (वापराच्या सूचनांची फाइल), मग झिप. वीडब्ल्यूएक्सच्या आवृत्ती 5 पासून एक्स्टेन्शन बसवण्याची कमांड बदलली आहे, तेव्हा रीडमीत जुनी-नवी दोन्ही द्या.

मित्र म्हणतो, कोड वीडब्ल्यूएक्सच्या मूळ फोल्डरमध्येच टाक, काम लवकर होतं.

पुढचं अपग्रेड झालं की त्याच मित्राला फोन लावा. अपग्रेड ‘यूजर’ फोल्डरला हात लावत नाही, बाकीच्या कोडमधले बदल पुसून टाकतं.

पर्जन्यमापकाचं एक्स्टेन्शन माझ्याकडे बरोबर चालतं. तेच चिपळूणच्या मेव्हण्याकडे 25 मिमी पावसाला 250 दाखवतं. दुकानदार म्हणतो, सेन्सर बदला.

दुकानदार सेन्सर विकतो, तो दुसरं काय सांगणार? पैसे खिशातच ठेवा.

या सॉफ्टवेअरमध्ये एककांच्या तीन पद्धती आहेत. ‘यूएस’मध्ये पाऊस इंचांत, ‘मेट्रिकडब्ल्यूएक्स’मध्ये मिलिमीटरमध्ये आणि ‘मेट्रिक’मध्ये चक्क सेंटिमीटरमध्ये! इथेच सगळे घसरतात. तुमचा कोड 25 हा आकडा तसाच ढकलतो. तुमचं केंद्र मिलिमीटरवालं असणार, मेव्हण्याचं सेंटिमीटरवालं. ‘यूएस’ असतं तर 635 मिमी दिसले असते. हवामान खातं 24 तासांतल्या 204.4 मिमीच्या वरच्या पावसालाच ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं, म्हणजे 250 सुद्धा कागदावरचा पूरच.

प्रत्येक पॅकेटमध्ये, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या नोंदीत, ‘यूएसयुनिट्स’ नावाचं फील्ड असतं: 1, 16 किंवा 17, म्हणजे अनुक्रमे यूएस, मेट्रिक आणि मेट्रिकडब्ल्यूएक्स. आधी ते वाचा, आकडा त्या एककात बदला, मगच पॅकेटमध्ये घाला. आणि सेन्सर गप्प असेल तर शून्य लिहू नका, ‘नन’ लिहा. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. ‘नन’ म्हणजे ठाऊक नाही. जून महिन्यात हा फरक लहान नसतो.

डेटाबेसमध्ये चुकीच्या नोंदी आधीच गेल्या आहेत. त्या दुरुस्त करण्याआधी बॅकअप घ्या. रोजचे सारांशही नव्याने बांधावे लागतात, तेव्हा ज्याने हे पूर्वी केलंय त्याला शेजारी बसवा.

एकजण माझंच एक्स्टेन्शन ‘प्रीमियम’ म्हणून विकतोय.

परवाना जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) असेल तर विकणं चूक नाही. घेणाऱ्याला स्रोत कोड न देणं चूक. कोड मागून बघा. नोटीस पाठवायचीच असेल तर आधी वकिलाला विचारा.

लोकांची सोय म्हणून झिपमध्ये माझी कॉन्फिगरेशन फाइल टाकली आहे.

काढा. त्यात तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश आणि डेटा अपलोड करण्याचा पासवर्ड आहे. झिप कुणाकडे गेली असेल तर पासवर्ड आजच बदला, रविवारची वाट बघू नका.